पन्नास मिलिमीटरच्या आत

पहिल्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत जमिनीला टेकलेले एकूण सत्तावीस पाय होते. जेवणाच्या टेबलाचे चार, तीन खुर्च्यांचे बारा, फोटोग्राफरच्या ट्रायपॉडचे तीन आणि माणसांचे आठ. माणसं म्हणजे बाबा, आई, मी आणि खालच्या मजल्यावरचा तो फोटोग्राफर. समोरच्या घरातले पूलकाका उंबरठ्याबाहेर उभे होते, म्हणून त्यांचे दोन धरलेले नाहीत. या सत्तावीसांपैकी एकही पाय हलत नव्हता. हलत होता तो बाबांचा उजवा हात, आणि त्या हातामुळे ट्रायपॉडवर बसवलेली त्यांची रिकामी एअर रायफल.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे आणि वजनकाटे तपासायची नोकरी करते. इमारतीतल्या लोकांना वाटतं की मी दुकानादुकानांत शिरून लबाड काटे पकडते. प्रत्यक्षात मी दोन दारांच्या एका बंद खोलीत बसते, जिथे शिंकायचं असेल तर बाहेर जावं लागतं, आणि एक धातूचा तुकडा दुसऱ्या धातूच्या तुकड्याइतका जड आहे की नाही हे बघते. हे मी अनेकांना समजावून सांगितलं आहे. ऐकून घेतात, आणि मग विचारतात, "म्हणजे आमचा भाजीवाला काटा मारतो की नाही?"

तर बाबांचा क्लब. नेमबाजीच्या या क्लबात दर वर्षी प्रत्येक सदस्याची चाचणी होते. दहा मीटरवरून पाच छर्रे मारायचे. कागदावर जी पाच भोकं पडतात, त्यांतल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर पन्नास मिलिमीटरच्या आत पाहिजे. ज्याचं नसेल तो 'सहयोगी सदस्य' होतो. सहयोगी सदस्याला वार्षिक सभेला येता येतं, तिथला चहा पिता येतो, पण नेमबाजीच्या रेषेवर पाय ठेवता येत नाही. स्वतः मारायला नाही आणि दुसऱ्याला शिकवायलाही नाही. आजवर ही चाचणी बाबांसाठी दाढी करण्याइतकीच गंभीर होती. दहा मिलिमीटरमध्ये पाच भोकं पाडून ते उरलेला वेळ इतरांच्या कोपरांना नावं ठेवण्यात घालवत.

मग हात हलायला लागला. आधी कप बशीवर वाजायचा, मग बँकेने सही परत पाठवली, मग बाबा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. लोकांकडे जाणं बंद झालं, कारण लोक चहा देतात. हात ठेवला की शांत असे, काही करायला गेला की सुटे. डॉक्टर म्हणाले, कंप आहे, वाढत जाईल. किती वेगाने वाढेल असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "तसा आकडा नसतो." मला त्या उत्तराचा फार राग आला.

बाबा क्लबात मात्र आठवड्यातून तीनदा जात. स्वतः मारत नसत, नव्या मुलामुलींच्या मागे उभे राहून शिकवत. मी एकदा विचारलं, तिथे अवघडल्यासारखं नाही का होत. ते म्हणाले, "तिथे सगळे लक्ष्याकडे बघतात. माणसाच्या हाताकडे कोण बघतंय?"

चाचणीची तारीख लागल्यावर मी म्हणाले, "बाबा, हा प्रश्न वैद्यकीय नाहीच. यांत्रिक आहे."

आई तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "मग मेकॅनिक बोलावायचा का?"

पहिलं काम म्हणजे हलणं मोजणं. मी रायफलच्या नळीला लेसरचा पॉइंटर चिकटपट्टीने बांधला. समोर आलेखाचा कागद, त्यावर लाल ठिपका, आणि त्याचं मोबाइलवर चित्रण. ठिपका जेवढ्या वर्तुळात भटकेल तेवढी अस्थिरता. अडचण जागेची होती. आमच्या घरातली सर्वांत लांब सरळ रेषा ओट्यापासून पुढच्या दारापर्यंत सात मीटर चाळीस सेंटिमीटर आहे. मी म्हणाले, सातवर मोजू आणि प्रमाणात वाढवू. बाबा म्हणाले, "सात मीटरचा नेम दहा मीटरचा नसतो." त्यामुळे आमचं दार उघडं, मधला जिन्याचा चौक, पूलकाकांचं दार उघडं, आणि कागद पूलकाकांच्या चपलांच्या कपाटावर, अशी रचना ठरली.

पूलकाका सरकारी खात्यात पूल बांधत असत. त्यांचे एक सोडून सगळे पूल उभे आहेत, आणि त्या एकाबद्दल ते बोलत नाहीत. कागद कपाटाला लावताना त्यांनी चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या, मध्ये एक जास्तीची मारली आणि म्हणाले, "पाया पक्का पाहिजे." कागदाला पाया कसला, असं मी विचारलं नाही.

विनाआधार, खुर्चीवर बसून, ठिपका एकशे चाळीस मिलिमीटरच्या वर्तुळात फिरत होता. बाबांनी आकडा विचारला. मी सांगितला. त्यांनी मान हलवली, जणू दुसऱ्या कोणाचा आहे.

मग फोटोग्राफरने ट्रायपॉड आणला. "ताई, कड्याच्या टोकावर उभं राहून याच्यावर फोटो काढलेत मी. वारा असा की टोपी गेली, पण फोटोत केस हललेला दिसणार नाही." रायफल ट्रायपॉडवर बसवली. बाबांनी दस्ता खांद्याला लावला, हात चापाशी नेला आणि ठिपका कागद सोडून कपाटभर हिंडायला लागला. एकशे नव्वद. म्हणजे आधार दिल्यावर आधीपेक्षा वाईट.

"असं होणं शक्य नाही," फोटोग्राफर म्हणाला. त्याने ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला आपली लेन्सची जड पिशवी टांगली. ती झुलायला लागली. दोनशे दहा.

कारण मला नंतर सापडलं. प्रत्येक वस्तूला हलायचा स्वतःचा एक वेग असतो. झोपाळ्याला त्याच्याच तालात ढकललं की तो उंच जातो, तसंच. बाबांचा हात सेकंदाला पाच वेळा हलत होता. त्या ट्रायपॉडच्या डोक्यावर साडेचार किलोची रायफल ठेवली की त्यालाही नेमकं सेकंदाला पाच वेळाच हलावंसं वाटत होतं. दोघांचं एकदम जमलं होतं. बाबांच्या हाताशी इतकं जुळवून घेणारी वस्तू त्या वर्षात दुसरी मिळाली नव्हती. हे सगळं मी आकृती काढून समजावलं. फोटोग्राफर म्हणाला, "म्हणजे दोष माझ्या ट्रायपॉडचा नाही." त्याचं समाधान झालं. माझं आकृतीवर फार कष्ट घेतल्याचं समाधान झालं. बाबांनी हात मांडीवर ठेवला आणि तो शांत झाला.

पिशवी काढून आम्ही एकदा पुन्हा मोजत होतो, तेवढ्यात जिन्यावरून कुरिअरवाला वर आला. त्याचं लक्ष खोक्यावरच्या पत्त्याकडे होतं. आमच्या दोन दारांच्या बरोबर मध्ये येऊन त्याने मान वर केली. समोर तीन पायांवर रायफल, मागे एक डोळा मिटलेला म्हातारा, आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशावर लाल ठिपका. त्याने खोकं हळूच खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

"घाबरू नकोस, रिकामी आहे," बाबा रायफलमागूनच म्हणाले. या वाक्याने कोणाला धीर आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"सही करायची आहे का?" आईने विचारलं. तोवर जिन्यावर कोणी नव्हतं.

अर्ध्या तासात पोलीस आला. तिशीचा, दमलेला. चौकात उभा राहून त्याने दोन्ही घरांत नजर टाकली. "रायफल कोणाची?"

"माझी."

"नेम कोणावर होता?"

"यांच्या चपलांच्या कपाटावर."

"माझी काही हरकत नाही," पूलकाका म्हणाले.

पोलिसाने परवाना मागितला. बाबा उठून घेऊन आले आणि तो त्याच्या हातात देताना कागद फडफडला. पंखा बंद होता. पोलिसाने कागदाकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा कागदाकडे, आणि तो न वाचताच परत दिला. लिहायला काढलेलं पेन त्याने खिशात ठेवलं. "दार लावून करा, काका," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "आणि तब्येतीला जपा."

त्याने आम्हाला आत टाकलं असतं तर बरं झालं असतं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करूनही नाही.

पुढचा रविवार पूलकाकांचा. "पोरी, तुझा तो झोपाळा वगैरे ठीक आहे. पण उपाय एकच. वस्तू इतकी ताठ करायची की हलायचा विचारच तिच्या मनात येता कामा नये." शास्त्राच्या भाषेत हे बरोबर होतं, याचा मला थोडा त्रास झाला. त्यांनी लोखंडी पट्ट्या आणल्या. ट्रायपॉड बुटका केला, पाय फाकवले, तिन्ही पाय एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी बांधले, पट्ट्यांना तिरप्या पट्ट्या दिल्या आणि प्रत्येक पायावर वाळूची पिशवी ठेवली. फोटोग्राफर हे बघून म्हणाला, "काका, तो मला परत हवा आहे." पूलकाका म्हणाले, "मिळेल की. पण आता तो कड्यावर नेता येणार नाही." मी तपासलं, वजन एकतीस किलो भरलं. त्याच्याखालची फरशी दुसऱ्या दिवशी तडकली. खालच्या मजल्यावर फोटोग्राफरच राहत असल्यामुळे तक्रार बाहेर गेली नाही.

ठिपक्याचं वर्तुळ मात्र अडतीस मिलिमीटर झालं.

मी तो आकडा मोठ्याने वाचला. बाबा रायफलमागून उठले, चालत पूलकाकांच्या घरात गेले आणि कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. परत येऊन आईला म्हणाले, "चहा टाक. इथेच पितो." आणि बैठकीत, पूलकाकांच्या समोर, दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी चहा प्यायला. थोडा बशीत सांडला. पूलकाका त्या वेळी छताकडे बघून घराच्या तुळयांबद्दल बोलत होते. आमच्या घराला तुळया नाहीत.

क्लबाच्या सचिवांकडे मी एकटीच गेले. सचिव बाबांचे जुने विद्यार्थी. श्वास सोडून, थांबून, मग चाप दाबायचा हे त्यांना बाबांनी शिकवलेलं, आणि ते बोलतातही तसेच. वाक्य सोडतात, थांबतात, मग नियम सांगतात.

"ट्रायपॉड चालेल," ते म्हणाले. थांबले. "पण प्रमाणपत्र लागेल. हाताला दोष आहे असं."

"ते मिळेल."

"मिळेल. पण असं प्रमाणपत्र आलं की दुसरा नियम लागतो. ज्याच्या हाताला दोष आहे असं प्रमाणपत्र आहे, त्याला शस्त्र हातात देता येत नाही."

"म्हणजे ट्रायपॉड कोणाला चालतो?"

"ज्याच्या हाताला दोष आहे आणि नाही, त्याला." ते थांबले. "नियम दोन वेगवेगळ्या समित्यांनी केलेत. दोन्ही समित्या चांगल्या होत्या."

"एक औषध आहे," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात त्याने कंप कमी होतो."

"ते घेऊ नका. नेमबाजांना त्याची मनाई आहे."

"का?"

"हात स्थिर होतो ना."

 शेवटी तेच म्हणाले, "बायपॉड लावा. नळीखालचे दोन पाय. त्याला आमच्याकडे आधार म्हणत नाहीत, रायफलचा भाग म्हणतात. प्रमाणपत्र लागत नाही. टेबलावर ठेवून, बसून मारू देतो. मात्र दस्त्याखाली उशी, पिशवी काही नको. ते तिसरं टेकण झालं. आणि टेबलावर काही अंथरायचं नाही."

एकतीस किलोचं लोखंड पूलकाकांच्या घरी गेलं. त्यावर आता त्यांची टीव्हीची पेटी आहे. ती बिलकुल हलत नाही, असं ते भेटेल त्याला सांगतात.

बायपॉडचा पहिला आकडा चौसष्ट. पाय टेबलावरून सरकत होते. अंथरायला काही चालणार नव्हतं, म्हणून पायांनाच रबरी बूट हवे होते. आईने कपाटामागून एक काठी काढली. ती तिने बाबांसाठी गुपचूप आणून ठेवली होती आणि त्यांना द्यायचं धाडस झालं नव्हतं. काठीच्या टोकाचं रबर बायपॉडच्या पायात नेमकं बसलं. पण पाय दोन होते. आई दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक काठी घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "दोन कशाला? घरात दोघं आहेत का?" आई म्हणाली, "नाही, एकच आहे." त्यामुळे आमच्या घरात दोन काठ्या झाल्या, दोन्ही बिनरबराच्या, आणि टेकलं की घसरणाऱ्या. बाबांनी त्या पाहिल्या.

रबरामुळे अठ्ठावन्न झालं. मग आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. एका वेळी एकच, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. बाबांनी खुर्ची पुढे घेतली आणि छातीचा भार रायफलवर देऊन तिला पुढे रेटलं, म्हणजे बायपॉडच्या सांध्यातली ढिलाई निघाली. चौपन्न. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी यावा म्हणून मी तिथे चिकटपट्टीची खूण केली. बावन्न. खांदा लक्ष्याच्या रेषेत यावा म्हणून खुर्ची तिरपी केली. एक्कावन्न. शेवटी मी म्हणाले, "बाबा, उजव्या हाताने दस्ता धरूच नका. सगळं वजन पायांवर आणि खांद्यावर जाऊ द्या. हाताने फक्त चाप. अंगठा मागे, बोट पुढे, चिमटीत धरल्यासारखं."

"म्हणजे रायफल धरायचीच नाही?"

"नाही."

"उभा जन्म सगळ्यांना शिकवलं, नीट धरा."

"ते हलत नव्हते."

हे बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले.  बाबांनी बोटं सोडली.

सेहेचाळीस.

त्यानंतर आकडे सेहेचाळीस आणि त्रेपन्नच्या मध्ये ये-जा करत राहिले. श्वास सोडून संपल्यावर क्षणभर कंप मंदावतो हे मला चित्रणात दिसलं, आणि त्याच क्षणी चाप दाबायचा सराव आम्ही सुरू केला. मी भिंतीवर आलेख लावला. रोज एक बिंदू. आई एकदा त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "ही रेघ खाली जातेय, हे चांगलं की वाईट?" चांगलं, मी म्हणाले. "मग मागच्या आठवड्यात वर का गेली होती?" मागच्या आठवड्यात बाबा शर्टाची बटणं लावताना अडकले होते आणि आईने लावून दिली होती. त्या आठवड्यातले सगळे बिंदू वर होते. आलेखात बटणांसाठी रकाना नव्हता. "बटणं लावत जाऊ का नको?" आईने विचारलं. 

चाचणीच्या दिवशी बाबा बिनबटणांचा, डोक्यातून घालायचा सदरा घालून आले. क्लबाच्या खोलीत सहा टेबलं, सहा लक्ष्यं. बाबांच्या वाट्याला खिडकीकडचं टेबल आलं. पूलकाका आणि फोटोग्राफर मागच्या बाकावर बसले. "टेबलाचा डावा पाय ढिला आहे," पूलकाका माझ्या कानात म्हणाले. मी बघितलं. सचिवही बघत होते. ते उठले, कोपऱ्यातल्या टेबलावर हात दाबून पाहिला आणि दोन्ही टेबलांची अदलाबदल केली. 

इतर सदस्य आपापल्या लक्ष्यांकडे बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते. बाबा बसले. छर्रा घालायला त्यांना वेळ लागला, पहिला खाली पडून टेबलाखाली गेला. कोणी उचलला नाही. दुसरा घेतला, घातला, रायफल पुढे रेटली, गाल टेकवला, बोटं सोडली.

पहिले दोन छर्रे जवळजवळ एकाच भोकात गेले. मागे फोटोग्राफरने बाकाची कड घट्ट धरली. तिसरा थोडा उजवीकडे. चौथ्याच्या वेळी हात चापाजवळ आला आणि उडायला लागला, जसा तो जेवताना उडत असे. बाबांनी तो परत मांडीवर ठेवला. पुन्हा नेला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मारला, तो डावीकडे खाली गेला.

पाचव्याला ते नुसतेच बसून राहिले. चाचणीचा वेळ संपत आला होता. सचिवांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाबांनी श्वास घेतला, सोडला, थांबले. आवाज झाला.

कागद आणला. पाच भोकं, म्हणजे दिसायला चार. सचिवांनी तो दिव्याखाली धरला, खणातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि तो भोकांवर न लावता माझ्यापुढे केला.

"तुमचं रोजचं काम आहे," ते म्हणाले. थांबले. "तुम्ही जो आकडा सांगाल तो मी लिहीन. मी बघणार नाही."

खरंच त्यांनी मान वळवली. फोटोग्राफर माझ्याकडे बघत होता, आणि पूलकाका माझ्याकडे बघू नये म्हणून छताकडे. बाबा रायफल पेटीत ठेवत होते. बायपॉडचे पाय मिटायला त्यांना दोन्ही हात लागत होते.

"बाहेरच्या कडांवरून घे," ते पाठमोरेच म्हणाले, "आणि एका छर्‍याची जाडी वजा कर."

"माहीत आहे, बाबा."

कॅलिपरचं शून्य मी तपासलं. बरोबर होतं. कागद सपाट केला. आमच्याकडे एक माप तीनदा घेतात. मी तीनदा घेतलं, दर वेळी कॅलिपर पूर्ण उचलून आणि पुन्हा टेकवून. बाहेरच्या कडांमध्ये पंचावन्न पूर्णांक सात. छर्रा साडेचार.

सचिवांनी पेनाचं टोपण काढलं.

"एक्कावन्न पूर्णांक दोन मिलिमीटर," मी म्हणाले.